अक्षता टाकायला कोण येणार?

मंगलाष्टके संपत आली आणि 'सावधान'चा घोष झाला, की मांडवातले शे-दोनशे हात एकदम वर होतात. मूठभर तांदळाची बाजारात किंमत ती काय! पण ते तांदूळ टाकणाऱ्या हातांना किंमत असते. हा विवाह आमच्यासमक्ष झाला आणि तो आम्हांला मान्य आहे, असे ते हात न बोलता सांगत असतात. म्हणूनच लग्नाला कोण कोण आले याइतकीच, कोण आले नाही याचीही चर्चा घरोघर पुढे कितीतरी दिवस चालते.

प्रणयप्रधान विनोदी चित्रपटाचा प्रेक्षक हा असाच एक वऱ्हाडी असतो. दोघे भेटतात, भांडतात, गैरसमजाने दुरावतात आणि अखेरीस एकत्र येतात, हा या चित्रप्रकाराचा ठरलेला आराखडा. शेवट काय होणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असते. तरीही प्रेक्षक जातो, तो त्या शेवटाला हजर राहण्यासाठी. शोकांतिकेतल्या पात्राची कणव येण्यासाठी ते पात्र आपल्यातले वाटावेच लागते असे नाही. दया दुरूनही करता येते. विनोदी प्रेमकथेत मात्र त्या जोडप्याचे सुख प्रेक्षकाला मनापासून हवेसे वाटावे लागते. त्यामुळे नायकस्थानी दोन पुरुषांची जोडी असेल तर प्रेक्षक काय करतो, हा प्रश्न निव्वळ चित्रपटव्यवसायाचा राहत नाही. समाजाने कोणाचे सुख आपले मानले, याचा तो पुरावा समजला जातो. हा पुरावा कितपत विश्वसनीय आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

आमंत्रण सर्वांना, हजेरी थोड्यांची

३० सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेत 'ब्रॉस' हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक निकोलस स्टोलर. बिली आइकनर या विनोदी नटाने त्याच्या सहलेखनात भाग घेतला होता आणि प्रमुख भूमिकाही केली होती. न्यूयॉर्कमधला एक चाळिशीचा, बोलका आणि कमालीचा चिकित्सक माणूस आणि मृत्युपत्रांची कामे करणारा एक अबोल वकील या दोघांची ही प्रेमकथा. अशा कथा छोट्या निर्मात्यांनी त्यापूर्वी पुष्कळ काढल्या होत्या. युनिव्हर्सलसारख्या बड्या संस्थेने समलिंगी जोडप्यावरची विनोदी प्रेमकथा देशभरच्या तीन हजारांहून अधिक चित्रपटगृहांत एकाच दिवशी लावावी, ही गोष्ट मात्र नवी होती. बहुतेक सर्व प्रमुख भूमिकांत समलिंगी आणि तत्सम समूहांतलेच कलावंत होते.

समीक्षकांनी स्तुती केली. पहिल्या दिवशी चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांना गुण विचारण्याची तिकडे एक प्रथा आहे. त्या पाहणीत चित्रपटाला 'ए' श्रेणी मिळाली. गल्ल्याचा हिशोब मात्र निराळा निघाला. निर्मितीखर्च सुमारे २ कोटी २० लाख डॉलर. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला अवघा ४८ लाख डॉलर. जगभरची सारी तिकीटविक्री धरूनही बेरीज दीड कोटी डॉलरपर्यंत पोहोचली नाही. त्यातलाही मोठा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच, हे लक्षात घेतले म्हणजे तोट्याची कल्पना येते.

येथे पाहणीच्या शास्त्रातला एक साधा धडा आहे. 'ए' श्रेणी देणारे प्रेक्षक हे आलेले प्रेक्षक होते. जो आलाच नाही त्याला कोणी काही विचारले नाही. जेवणावळीत बसलेल्यांना स्वयंपाक कसा झाला असे विचारून, न आलेले का आले नाहीत हे कळत नाही. आइकनर यांनी मात्र याचे उत्तर ताबडतोब दिले. देशाच्या कित्येक भागांतले भिन्नलिंगी प्रेक्षक फिरकलेच नाहीत, अशी खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली आणि त्यामागे पूर्वग्रह असल्याचे सुचवले. त्यावर उलट बाजूने तितकाच गलबला झाला. जनतेने या विषयाला नाकारले, असे सांगत काहींनी चित्रपटाच्या अपयशाचा आनंदच साजरा केला.

रागावलेला यजमान आणि खूष झालेला भावबंद यांचे भांडण वरवर कितीही कडाक्याचे दिसले, तरी दोघांचे गृहीतक एकच होते. तिकीटखिडकी ही मतपेटी आहे आणि तिकीट हे मत आहे, असे दोघांनीही धरले होते.

तिकीट आणि मत

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे गृहीतक खटकावे. तिकिटाचा निर्णय हा अनेक पर्यायांतून केलेला निर्णय असतो. शनिवारची संध्याकाळ एकच, खिशातले पैसे मोजके आणि करमणुकीची साधने असंख्य. साथीच्या काळानंतर अमेरिकेत लोकांचे चित्रपटगृहात जाणेच घटले होते आणि विनोदी प्रेमकथा घरबसल्या पाहण्याची सवय जडली होती. त्याच युनिव्हर्सलने त्याच वर्षी 'टिकेट टु पॅरडाइस' ही एक जुन्या वळणाची प्रेमकथा आणली. जॉर्ज क्लूनी आणि ज्युलिया रॉबर्ट्स यांच्या नावावर तिने जगभरात १६ कोटी डॉलरहून अधिक मिळवले. परिचित चेहऱ्यांची ओढ किती असते, हे त्यावरून दिसते. 'ब्रॉस'च्या अपयशात पूर्वग्रहाचा वाटा नव्हता असे यातून सिद्ध होत नाही. तो वाटा किती होता, हे गल्ल्याच्या आकड्यांवरून काढता येत नाही, एवढेच सिद्ध होते.

उलट दिशेचा दाखला तर अधिक बोलका आहे. १९७८ साली फ्रान्समध्ये 'ला काज ओ फोल' हा चित्रपट निघाला. रात्रीच्या मैफलींचा क्लब चालवणारे एक प्रौढ पुरुष जोडपे. त्यांच्यापैकी एकाच्या मुलाचे लग्न सनातनी राजकारण्याच्या मुलीशी ठरते आणि व्याही घरी जेवायला येतात, अशी ही धमाल कथा. तिची अमेरिकन आवृत्ती 'द बर्डकेज' या नावाने मार्च १९९६ मध्ये आली. दिग्दर्शक माइक निकोल्स. प्रमुख भूमिकांत रॉबिन विल्यम्स आणि नेथन लेन. अमेरिकेत तिने सुमारे १२ कोटी ४० लाख डॉलर मिळवले. लहान गावांतली, नियमाने चर्चला जाणारी कुटुंबेही त्या दोघांच्या फजितीला पोट धरधरून हसली असली पाहिजेत. त्याशिवाय एवढी रक्कम जमत नाही.

आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात अमेरिकन काँग्रेसने मोठ्या बहुमताने संमत केलेला कायदा अमलात आला. विवाह म्हणजे केवळ एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, अशी व्याख्या त्याने संघराज्याच्या सर्व कारभारासाठी ठरवून टाकली. वसंतात हसणाऱ्या जनतेचेच प्रतिनिधी शरदात हा कायदा करीत होते. पुढे २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क देशभर मान्य केला. आणि हक्क मिळाल्यावर सात वर्षांनी आलेल्या 'ब्रॉस'चा मांडव ओस पडला. तिकीट हेच मत असते, तर हा क्रम नेमका उलटा दिसायला हवा होता.

आईबापांची खुर्ची

मग प्रेक्षक येतो केव्हा? यशस्वी झालेल्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. आंग ली यांचा 'द वेडिंग बँक्वेट' हा १९९३ चा चित्रपट घ्या. न्यूयॉर्कमध्ये आपल्या अमेरिकन जोडीदाराबरोबर राहणारा एक तैवानी तरुण. 'लग्न कधी करतोस' म्हणून मागे लागलेले आईवडील. त्यांच्या समाधानासाठी एका मुलीशी केलेला लग्नाचा देखावा आणि मग साक्षात आईवडीलच तैवानहून दारात! सुमारे १० लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात २ कोटी ३६ लाख डॉलरच्या घरात कमाई केली. गुंतवणुकीच्या पटीत मोजले तर त्या वर्षी 'जुरासिक पार्क'लाही त्याने मागे टाकले. बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च मानाच्या सुवर्ण अस्वलाचा तो एक मानकरी ठरला. त्यातला वृद्ध बाप सारे काही ओळखून असतो आणि मुलाला मात्र ते कळू देत नाही. तो बाप तैपेईतला असला, तरी सदाशिव पेठेत किंवा परळच्या चाळीतही त्याला कोणी परका म्हणणार नाही.

'द बर्डकेज'मध्ये व्याही, 'वेडिंग बँक्वेट'मध्ये आईबाप. हीच वाट हिंदी चित्रपटानेही धरली. हितेश केवल्य यांचा 'शुभ मंगल ज्यादा सावधान' २१ फेब्रुवारी २०२० रोजी भारतात प्रदर्शित झाला. मराठी मांडवातला घोषच शीर्षकात घेतलेला हा चित्रपट अलाहाबादच्या त्रिपाठी कुटुंबाची गोष्ट सांगतो. मुलगा अमन आणि त्याचा जोडीदार कार्तिक (जितेंद्र कुमार आणि आयुष्मान खुराना) चुलत बहिणीच्या लग्नाला घरी येतात आणि घरात हलकल्लोळ उडतो. बाप कृषिशास्त्रज्ञ, काळा फ्लॉवर पिकवण्याचा त्याला ध्यास. निसर्गात नसलेली गोष्ट हौसेने घडवणारा हा गृहस्थ मुलाच्या प्रेमाला मात्र निसर्गविरोधी ठरवतो! गजराज राव आणि नीना गुप्ता यांनी रंगवलेले हे आईबाप बहुतेक प्रेक्षकांना नायकांपेक्षाही अधिक लक्षात राहिले.

या चित्रपटाने पहिल्या दिवशी साडेनऊ कोटी आणि एकूण साठ कोटी रुपयांच्या आसपास देशांतर्गत उत्पन्न मिळवले. याच नटाच्या आदल्या वर्षीच्या 'ड्रीम गर्ल' आणि 'बाला' या दोन्ही चित्रपटांनी शंभर कोटींचा टप्पा ओलांडला होता. पेला अर्धा भरलेला म्हणावा की अर्धा रिकामा, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडून द्यावे. पण २०१८ च्या ६ सप्टेंबरपर्यंत ज्या संबंधांना भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम गुन्हा ठरवीत होते, त्या संबंधांवरची विनोदी कथा दीड वर्षाच्या आत गावोगावच्या चित्रपटगृहांत सहकुटुंब पाहिली जावी, ही घटना लहान नव्हे.

प्रेक्षकाला बसायला कथेच्या आत एक खुर्ची लागते. बहुसंख्य प्रेक्षक समलिंगी नसतो. पण तो कोणाचा तरी बाप, आई, काका, भाऊ असतो. 'हे आपल्या घरात घडले तर?' हा प्रश्न त्याचा स्वतःचा असतो आणि त्या प्रश्नासाठी तो तिकीट काढतो. 'ब्रॉस'मध्येही वकिलाचे आईवडील येतात. आई तर प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे आणि मुलांना इतिहास कोणत्या वयात काय शिकवावा यावरून नायकाचा तिच्याशी चांगलाच खटका उडतो. परंतु कथेचा भार त्यांच्यावर नाही. तो दोन प्रौढ माणसांच्या आपसातल्या अविश्वासावर आहे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला टेकायला जागा थोडी होती.

अर्थात या खुर्चीचेही मोल द्यावे लागते. 'ज्यादा सावधान' पाहून आलेल्या समलिंगी प्रेक्षकांपैकी अनेकांनी तक्रार केली, की आईबापांच्या गोंधळापुढे त्या दोघांचे प्रेम पडद्यावर पुरेसे दिसलेच नाही. ते एकमेकांना का आवडतात हेसुद्धा नीट कळत नाही. ही तक्रार रास्त आहे. आपल्याच लग्नात आपण कोपऱ्यात उभे आणि मांडवात चर्चा व्याह्यांच्या रुसव्याची, असा हा प्रकार. 'ब्रॉस'ने ही तडजोड नाकारली आणि तिची किंमत मोजली. एका मार्गात जागा मिळते पण मान कमी. दुसऱ्यात मान पूर्ण पण मांडव रिकामा. अल्पसंख्यांच्या कलेला बाजारात हा पेच टाळता येत नाही, कारण तिला खर्च भागवण्यापुरते प्रेक्षक बहुसंख्यांतूनच आणावे लागतात.

शेजारच्या खुर्चीतले हसू

एवढा हिशोब झाल्यावरही एक जमेची बाजू वहीत यायची राहतेच. चित्रपटगृहात प्रेक्षक पडद्याकडे पाहत असला, तरी शेजारच्याचे हसू त्याच्या कानांवर पडत असते. टिमुर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवले, की माणसे समाजाच्या धाकाने आपले खरे मत झाकून ठेवतात आणि सगळ्यांनीच ते झाकल्यामुळे प्रत्येकाला वाटते, वेगळे मत असलेला आपण एकटेच. अशा समाजात शंभरांपैकी साठ जणांना एखाद्या गोष्टीचे काही वावगे वाटत नसले, तरी ते साठही जण गप्प राहू शकतात. ही कोंडी फुटते ती चारचौघांसमोर काही उघड घडले म्हणजे.

अंधारातले हसू हे असे उघड घडणारे काहीतरी असते. कार्यालयातला वरिष्ठ कारकून, शेजारची शिक्षिका, समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा त्या जोडप्याला हसत आहेत की त्या जोडप्याबरोबर हसत आहेत, यातला फरक कानाला बरोबर कळतो. आणि त्याच सभागृहात मागच्या रांगेत कोणी एकोणीस वर्षांचा मुलगा आईवडिलांच्या मध्ये बसलेला असेल, तर त्याच्या दृष्टीने ते हसणे ही आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची माहिती असते. पडद्यावर बापाने मुलाला जवळ घेतले तेव्हा आपल्या बापाने काय केले, याकडे त्याचे सारे लक्ष असते. या माहितीचे मोल गल्ल्याच्या आकड्यात कोठेही धरलेले नसते. तिकीट काढले बापाने, लाभ झाला मुलाला.

सार्वजनिक पाहण्यातले हे सामर्थ्य विरोधकांनीही ओळखले होते. दीपा मेहता यांचा 'फायर' हा दोन जावांच्या प्रेमावरचा गंभीर चित्रपट परीक्षण मंडळाने काटछाट न करता संमत केला होता आणि नोव्हेंबर १९९८ पासून तो चालूही होता. २ डिसेंबरला शिवसैनिकांनी मुंबईतील चित्रपटगृहांवर चाल करून मोडतोड केली आणि खेळ बंद पाडले. चित्रपट पुन्हा मंडळाकडे गेला आणि १९९९ मध्ये पुन्हा काटछाटीविना बाहेर आला. ती दगडफेक झाली तीही तिकीट काढून एकत्र बसलेल्यांच्या दारावर. असे काही चारचौघांत पाहायचे नाही, हा तिचा अर्थ होता.

आज दगड न मारताही तेच घडू शकते, ही खरी चिंतेची बाब आहे. 'ब्रॉस'सारखा चित्रपट पडला की निर्माते शिकतात, ते एवढेच की असे विषय मोठ्या पडद्यावर परवडत नाहीत. ते घरोघरच्या पडद्यांसाठी राखून ठेवावेत. त्याच २०२२ साली 'फायर आयलंड' ही समलिंगी पुरुषांची विनोदी प्रेमकथा अमेरिकेत चित्रपटगृहात न येता थेट घरच्या पडद्यावर आली. खर्चाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे आणि ज्याला उघडपणे जाता येत नाही त्याला घरात बसून पाहता येते, ही सोयही खरीच. परंतु दार लावून, कानात यंत्र घालून एकट्याने पाहिलेल्या चित्रपटात शेजारी नसतो. तेथे हसणारा आपल्यापुरता हसतो. मागच्या रांगेतल्या मुलाला त्यातून काही कळत नाही.

आपला मांडव

मराठी प्रेक्षकाला या बाबतीत अगदीच नवखा म्हणता येणार नाही. पुरुषाने लुगडे नेसून उडवलेली धमाल त्याने 'मोरूची मावशी'मध्ये पाहिली आणि १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त तर डोक्यावर घेतली. पण तेथे हसणे निर्धोक होते. वेष उतरला की सारे जागच्या जागी येणार, ही खात्री होती. दुसरीकडे, विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणून स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला मध्यभागी उभे केले. तिच्या वाट्याला मात्र शोकांतिकाच आली. एका टोकाला सोंग, दुसऱ्या टोकाला मरण. मधली, साध्या संसाराची जागा पुष्कळ काळ मोकळीच होती.

ती जागा आता हळूहळू भरू लागली आहे. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबरात तो येथील चित्रपटगृहांत लागला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला तरुण आणि त्याचा शेतकरी बालमित्र यांची ती हळुवार कथा आहे. ती विनोदी नव्हे. पण तिच्यात सोंगही नाही आणि दया मागणेही नाही.

कायद्याचा मांडव अजून उभा राहिलेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय कायदेमंडळाचा असल्याचे सांगितले. कायदेमंडळ लोकांच्या कलाकडे पाहते. आणि लोकांचा कल गल्ल्याच्या आकड्यांवरून वाचू नये, हे वर दिसलेच. तो वाचायचा तर प्रेक्षागृहात बसूनच वाचावा लागेल.

प्रेक्षकावर तिकिटाचे कर्ज नाही. चित्रपट कंटाळवाणा असेल तर तो केवळ विषय चांगला म्हणून पाहण्याचे बंधन कोणावर घालता येत नाही, आणि घातले तर त्यातून येणारी टाळी खरी नसते. एवढीच अपेक्षा रास्त ठरेल, की अशा चित्रपटाला जाणाऱ्याने घरातल्या तरुण मुलामुलींना बरोबर न्यावे आणि जेथे हसू येईल तेथे मोकळेपणाने हसावे. घरी परतताना बसच्या रांगेत बाप एवढेच म्हणाला, की 'पोरे चांगली होती, उगीच छळले त्यांना', तरी मागे उभ्या असलेल्या मुलाला ते ऐकू जाते.